पारख पाण्यांतच करावी
(पाणबुड्या रोबोचे पंखे व मोटारी यांची परीक्षा)

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनासाठीं आमच्या शास्त्रमंडळाच्या विद्यार्थ्यांनीं एक लहानसा पाणबुडा रोबो सिद्ध केला होता. प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट, तीन मोटारी, तीन पंखे आणि हातांतील खटक्यांच्या पेटीपर्यंत आलेली लांब तार, असें त्याचें रूप होतें. शाळेच्या हौदाच्या तळाशीं एक पितळी लोटी ठेविली होती; रोबोनें बुडी मारून ती आंकड्यानें वर आणावी, असा बेत होता. वर्गांत मेजावर ठेवून पाहतांना पंखे असे भणभणत कीं, फळ्याजवळचे कागद उडून जात. तेवढ्यावर विद्यार्थी संतुष्ट झाले. आणि खरें सांगावयाचें तर मीहि झालों. ठरल्या दिवशीं हौदाच्या कांठीं पालकमंडळी जमली, खटका दाबला गेला, आणि आमचा पाणबुडा दोन हात पुढें सरकून थबकला. पंखे घुटमळूं लागले व थोड्याच वेळानें सारें शांत झालें. वर काढून पाहतों तों एका मोटारीभोंवतीं भरलेलें मेण आंतून वितळलेलें! लोटी तळाशीं होती तेथेंच राहिली.

“सर, वर्गांत तर केवढा वारा येत होता!” असें ज्या मुलानें ते पंखे बसविले होते तो रडवेल्या स्वरांत म्हणाला. त्याचे वडील विहिरींवर पंप बसविण्याचा धंदा करतात. ते शांतपणें म्हणाले, “गुरुजी, कोरडा फिरतांना कोणताहि पंप चांगलाच वाटतो. पाण्याला लावल्यावर तो वीज किती घेतो आणि पाणी किती देतो, हें पाहिल्यावांचून आम्ही गिऱ्हाइकाकडे पैसे मागत नाहीं.” या दोन वाक्यांत आमच्या फजितीचें सारें कारण आलें होतें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाक्यांचाच विस्तार होय.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. पाण्याखालीं वाहन ढकलणाऱ्या मोटार व पंखा या जोडीस थ्रस्टर म्हणतात. पंख्याचीं तिरपीं पातीं फिरूं लागलीं म्हणजे तीं पाण्याला मागें लोटतात, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणें पाणी पंख्याला तितक्याच बळानें पुढें रेटतें. हा जो रेटा, तोच थ्रस्टरचा खरा माल. पंखा किती जोरानें फिरतो, आवाज किती करतो, मोटार किती मोठी दिसते, हें सर्व गौण आहे.

असलीं यंत्रें घरीं करण्याची हौस उत्तर अमेरिकेंत विशेष पसरली. १९९७ सालीं हॅरी बोम व व्हिकी जेन्सन यांनीं घरगुती पाणबुडे रोबो कसे करावे याविषयीं एक पुस्तक लिहिलें. त्यांतील ‘सी पर्च’ नांवाच्या लहान यानावरून पुढें २००३ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. या विद्यापीठाच्या सागरविभागानें शाळांकरितां एक शिक्षणक्रम तयार केला. त्यांत जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबींत लहान मोटार बसवून भोंवतीं मेण भरावयाचें, अशी युक्ति होती. आपल्याकडेहि हें शास्त्र परकें राहिलेलें नाहीं. गोव्यांतील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें ‘माया’ नांवाचें स्वयंचलित पाणयान केलें, आणि पवई येथील आय.आय.टी.च्या विद्यार्थ्यांनीं ‘मत्स्य’ नांवाचीं यानें बांधलीं. तेव्हां आपल्या मुलांनीं हौदांत केलेला हा खटाटोप पोरखेळ समजण्याचें कारण नाहीं.

आतां हवेंतील परीक्षा आपणांस कां फसविते, याचा विचार करूं. पाणी हें हवेपेक्षां सुमारें आठशें पट घन आहे. हवेंत मोटारीस जवळजवळ कांहींच ओझें नसतें. म्हणून ती मोकळेपणीं फिरते व वीजहि थोडी घेते. तीच पाण्यांत घातली कीं, पात्यांवर एकदम भार येतो, फेरे कमी होतात आणि विजेचा प्रवाह वाढतो. तो किती वाढेल हें पंख्याच्या आकारावर अवलंबून आहे. एकाच घडणीचे दोन पंखे घेतले, व त्यांतील एकाचा व्यास दुसऱ्याच्या दुप्पट असला, तर तितक्याच फेऱ्यांनीं फिरविण्यास मोठ्या पंख्याला बत्तीसपट पीळ लावावा लागतो. आम्ही काय केलें होतें? खेळण्यांतील विमानाचे सहा इंची पंखे लहानशा मोटारींना लावले होते. हवेंत ते शोभले. पाण्यांत त्यांनीं मोटारीचा गळाच धरला.

मोटारीचा स्वभाव एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, आपल्याजवळ १२ व्होल्टची साधी मोटार आहे, व तिचा दांडा हातानें अडवून धरला असतां ती १० अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे तिच्या वेटोळ्यांचा विरोध १.२ ओहम झाला. घर्षण सोडून देऊन हिशेब करूं. प्रवाह २ अँपिअर असतां मोटार २४ वॉट शक्ति घेते, त्यांपैकीं ४.८ वॉट उष्णतेंत जातात व १९.२ वॉट दांड्याला मिळतात. प्रवाह ५ अँपिअर झाला कीं, ६० वॉट घेऊन ती ३० वॉट देते, आणि उरलेल्या ३० वॉटांनीं स्वतःच तापते. हीच तिची परमावधि. यापुढें पंखा आणखी मोठा लावून प्रवाह ७ अँपिअरांवर नेला, तर ती ८४ वॉट घेईल, परंतु दांड्याला २५ वॉटच देईल; बाकीचे सुमारें ५९ वॉट निव्वळ उष्णता! बैलाच्या मानेवर पेलेल त्याहून जास्त ओझें घातलें तर गाडी अधिक वेगानें जात नाहीं. बैल मात्र बसतो. आमचें मेण कां वितळलें, तें यावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

मग पंखा शक्य तितका लहानच घ्यावा काय? तेंहि नव्हे. तोच रेटा मिळविण्याचे दोन मार्ग आहेत : थोडें पाणी फार वेगानें मागें फेकावें, अथवा पुष्कळ पाणी हळू लोटावें. यांत दुसरा मार्ग काटकसरीचा आहे. ५ न्यूटन, म्हणजे सुमारें ५१० ग्रॅम वजनाइतका रेटा, एका जागीं उभ्या असलेल्या उघड्या पंख्यापासून हवा असेल, तर ४० मिलिमीटर व्यासाच्या पंख्यानें पाण्याला कमींत कमी ७ वॉट शक्ति द्यावी लागते. ८० मिलिमीटर व्यासास साडेतीन वॉट पुरतात. प्रत्यक्ष पंख्यास यापेक्षां बरीच अधिक शक्ति लागते, परंतु मोठ्या पंख्याचा फायदा कायम राहतो. मात्र तो मोठा पंखा मंदगति व जास्त पिळाच्या मोटारीस किंवा दांतेरी चाकांनीं वेग उतरविलेल्या मोटारीसच शोभतो. फार फेऱ्यांच्या लहान मोटारीस लहान व्यासाचा, थोड्या तिरकसपणाचा पंखा द्यावा. एकूण, चांगला पंखा किंवा चांगली मोटार अशी वस्तु एकेकटी नसतेच. चांगली असते ती जोडी. आणि जोडी जमली कीं नाहीं, हें पाण्यांत मोजल्यावांचून कळत नाहीं.

रेटा मोजण्यास महाग उपकरण नको. आम्हीं शाळेंतील तरफेचा धडा कामास लावला. काटकोनांत जोडलेल्या दोन लांकडी पट्ट्या घ्याव्या. कोनाशीं भोंक पाडून तीत एक बोल्ट घालावा, व तो बोल्ट हौदाच्या कांठावर असा टेकवावा कीं, पट्ट्या त्याभोंवतीं सहज फिरतील. उभी पट्टी खालीं पाण्यांत जाईल. तिच्या टोंकाला थ्रस्टर बांधावा. आडवी पट्टी कांठावर बाहेर येईल; तिच्या टोंकाखालीं स्वयंपाकघरांतील वजनाचा कांटा ठेवावा. थ्रस्टर पाण्याला ढकलूं लागला कीं आडवी पट्टी कांट्यावर दाबली जाते. दोन्ही बाहू सारख्या लांबीचे असल्यास कांट्यावरील आंकडा हाच रेटा. उभा बाहू ४० व आडवा २० सेंटिमीटर असेल तर कांटा दुप्पट दाखवील. म्हणजे ६०० ग्रॅम दिसले तर रेटा ३०० ग्रॅम समजावा. बाहूंची लांबी बोल्टापासून मोजावी, पट्टीच्या टोंकापासून नव्हे. आमच्या पहिल्या दिवसाचीं सर्व मापें या एका चुकीमुळें पुसून टाकावीं लागलीं.

कांहीं पथ्यें येथें सांगणें अवश्य आहे. मोटार बंद असतां, थ्रस्टर पाण्यांत ठेवूनच, कांट्याचें शून्य जुळवावें. पंखा पृष्ठभागापासून निदान दोन व्यास खोल असावा. नाहींतर तो वरून भोंवरा करून हवा ओढतो आणि रेटा एकाएकीं कोसळतो. हौद मोठा असावा, व पंख्याचा झोत समोरच्या भिंतीपासून लांब राहावा. बादलींत परीक्षा केली तर पाणीच पंख्याबरोबर गरगर फिरूं लागतें, आणि आलेला आंकडा कोणत्याहि उपयोगाचा राहत नाहीं. खटका दाबल्याबरोबरचा आंकडा न घेतां अर्धें मिनिट थांबून कांटा स्थिर झाल्यावर घ्यावा.

रेट्याबरोबर विजेचेंहि माप घेतलेंच पाहिजे. यासाठीं एक मल्टिमीटर प्रवाहाकरितां व दुसरा दाबाकरितां लागतो. दाब बॅटरीशीं मोजून भागत नाहीं. तो मोटारीच्या टोंकाशीं मोजावा. कारण मधली तार आपला कर घेतल्याशिवाय वीज पुढें जाऊं देत नाहीं. आमची तार १५ मीटर लांब व ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची होती. जाणारी व येणारी मिळून ३० मीटर तांबें झालें. त्याचा विरोध सुमारें ०.७ ओहम भरतो. ५ अँपिअर प्रवाह वाहूं लागला कीं साडेतीन व्होल्ट तारेंतच खर्ची पडतात, व १२ व्होल्टच्या मोटारीच्या वाट्यास साडेआठच येतात. वर्गांतल्या परीक्षेंत आम्हीं हातभर तार वापरली होती, हें निराळें सांगावयास नकोच. तार दुप्पट जाडीची घेतली तर ही तूट निम्मी होते. परंतु जाड तार ताठ असते व यानास मागें ओढते, म्हणून तेथेंहि मध्यम मार्ग शोधावा लागतो. सारांश, जी तार यानास लावावयाची तीच परीक्षेच्या वेळीं लावावी.

आणि येथें पालकांस व विद्यार्थ्यांस एक आग्रहाची सूचना. हें सर्व काम १२ व्होल्टच्या बॅटरीवरच करावें. घरांतील भिंतीवरची वीज हौदाच्या आसपासहि आणूं नये; बॅटरी भरण्याचें यंत्र परीक्षेपूर्वीं काढून दूर ठेवावें. बॅटरीच्या धन टोंकाजवळच योग्य फ्यूज असावा, कारण तारा एकमेकींस चिकटल्यास बॅटरी क्षणांत तार लाल करूं शकते. पंख्याभोंवतीं जाळी असावी, आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं तार काढून घ्यावी.

वही कशी लिहावी, हेंहि शिकण्यासारखें आहे. तारीख, मोटार, पंख्याचा व्यास व पातीं, मोटारीशीं दाब, प्रवाह, रेटा, आणि शेवटीं शेरा, असे रकाने आंखावे. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वॉट. रेट्याच्या ग्रॅमांस वॉटांनीं भागलें म्हणजे दर वॉटास किती ग्रॅम मिळाले तें कळतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पंखा व मोटार दोन्ही बदललीं आणि रेटा वाढला, तर श्रेय कोणास द्यावयाचें? प्रत्येक माप तीनदां घ्यावें, आणि एखादा आंकडा आवडला नाहीं म्हणून खोडूं नये. प्रत्येक जोडी उलट फिरवूनहि पाहावी. बहुतेक पंखे एकाच दिशेसाठीं घडविलेले असल्यामुळें उलट फिरतांना कमी रेटा देतात. आणि पाणबुड्यास तर मागें येणें व थांबणें हेंहि पुढें जाण्याइतकेंच लागतें.

पंख्याभोंवतीं कडें बसविल्यानें रेटा वाढतो, असें मुलें ऐकतात. ही गोष्ट खरी आहे. अशा कड्यास लुडविग कोर्ट या जर्मन अभियंत्याचें नांव मिळालेलें आहे, आणि सावकाश चालून जड ओझें ओढणाऱ्या नौकांस तें फार उपयोगी पडतें. परंतु त्या कड्याचा छेद विशिष्ट वळणाचा असतो, आणि पात्याचें टोंक व कडें यांत अगदीं थोडी फट ठेवावी लागते. नळीचा तुकडा कापून लांबून बसविला तर कधीं फायदा होतो, कधीं उलट तोटाच. कोणता, हें कांट्यालाच विचारावें.

मोटारीचा पाण्यापासून बचाव हाहि परीक्षेचाच भाग आहे. होडीच्या तळाशीं सांचलेलें पाणी उपसणाऱ्या लहान पंपाची मोटार मुळांतच बंदिस्त असते. तिचें फिरकें काढून दांड्यावर पंखा बसवितां येतो. मेणाच्या डबींतील मोटार स्वस्त पडते, पण ती तापूं देतां कामा नये. तिसरा प्रकार कार्बनच्या ठोकळ्यांशिवाय चालणाऱ्या, ज्यांस ब्रशलेस म्हणतात, त्या मोटारींचा. त्यांचीं वेटोळीं रोगणानें वा राळेनें नीट झांकलेलीं असल्यास त्या पाण्यांत उघड्याच चालतात व पाणीच त्यांस थंड ठेवतें. मात्र खाऱ्या पाण्यांतून काढल्यावर त्या गोड पाण्यानें धुवाव्या, नाहींतर बेअरिंगांस गंज चढतो. मोटार कोणतीहि असो, ती पांच मिनिटें न थांबतां चालवून पुन्हां मापें घ्यावीं. प्रवाह हळूहळू चढूं लागला तर आंत कांहींतरी बिघडत आहे, असें समजावें.

आपल्या फजितीचें दुःख करणाऱ्या विद्यार्थ्यांस मी दोन थोरांच्या गोष्टी सांगितल्या. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडांतील हेंडन येथील एक शेतकरी. त्यानें तळ्यांत स्प्रिंगेची खेळण्याएवढी होडी चालवून मळसूत्री पंख्याचा प्रयोग केला व १८३६ सालीं त्याचा हक्क नोंदविला. पुढील वर्षीं मोठ्या होडीवर कालव्यांत परीक्षा चालली असतां त्याच्या दोन वेढ्यांच्या लांकडी मळसूत्राचा अर्धा भाग मोडून पडला. आणि आश्चर्य असें कीं, होडी पूर्वींपेक्षां अधिक वेगानें धांवूं लागली! जें हिशेबानें सुचलें नव्हतें तें मोडक्या पंख्यानें पाण्यांत शिकविलें. दुसरे चार्ल्स पार्सन्स. त्यांची ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या चक्राची बोट १८९४ सालीं पहिल्या परीक्षेंत हवा तसा वेग देईना. यंत्र उत्तम होतें, पण पंखा इतक्या जोरानें फिरे कीं, पात्यांवर बाष्पाचे बुडबुडे उठून पकड सुटे. तेव्हां त्यांनीं १८९५ सालीं एका लहान पात्रांत अवघ्या दोन इंची पंखा फिरवून ते बुडबुडे डोळ्यांनीं पाहिले. मग एका दांड्याऐवजीं तीन दांडे व त्यांवर मिळून नऊ पंखे बसविले. आणि १८९७ सालीं तीच बोट ३४ नॉटांवर वेग दाखवून सर्व आरमाराच्या डोळ्यांदेखत निघून गेली. एवढ्या मोठ्या यंत्रकारासहि अखेरीस पाण्याच्या पात्राशीं येऊन बसावें लागलें. मग आपणांस कां लाज वाटावी?

रेटा मोजला म्हणजे सर्व झालें असेंहि नाहीं. हें माप एका जागीं बांधलेल्या थ्रस्टरचें असतें. यान चालूं लागलें कीं पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून वेग दुप्पट हवा तर रेटा चौपट लागतो व शक्ति आठपट. यास्तव आणखी मोठी मोटार शोधण्यापूर्वीं यानाची चौकट सुटसुटीत करावी, तरंगण्याचें व बुडण्याचें वजन नीट तोलावें. तोल साधलेल्या यानास खालींवर जाण्यास फार थोडा रेटा पुरतो.

असो. आमचें मंडळ पावसाळ्याच्या सुटीच्या दिवसांत त्या हौदाकांठीं वही घेऊन बसलें. पंप बसविणारे ते पालकहि दोन रविवार स्वतःचा प्रवाहमापक घेऊन आले. विमानाचे पंखे उतरले, खेळण्यांतील होडीचे लहान पंखे चढले, तार जाड झाली. वारा आतां मुळींच येत नव्हता; मेजावर तर नवा रोबो जुन्यापेक्षां अगदीं दुबळा भासे. परंतु वहींतील आंकडे दुसरेंच सांगत होते, आणि या वेळीं आम्हीं वहीवर विश्वास ठेविला. लोटी वर आली त्या दिवशीं हौदापाशीं टाळ्या वाजवावयास आम्ही दहाबारा जणच होतों. ज्या मुलाचे डोळे गेल्या वर्षीं भरून आले होते त्यानें ती लोटी पुसून कपाटांत ठेवली, आणि वहीच्या शेवटच्या रकान्यांत शेरा लिहिला : “पाण्यांत पाहिलें.”